एचआयव्हीची गोळी सरकार देतं, पण पेशंटला शोधत कोण येतं?

आमच्या शाळेतला सहावीचा एक मुलगा अचानक गैरहजर राहू लागला. चौकशी करायला आम्ही दोघी शिक्षिका त्याच्या घरी गेलो. आई अंथरुणावर होती. आवाज खाली आणून म्हणाली, "टीचर, चार महिने झाले, गोळ्या बंद केल्यात. सेंटरच्या रांगेत मोहल्ल्यातलं कुणी ना कुणी दिसतंच. मोठ्या लेकीचं लग्न जमवायचंय." गोळ्या एचआयव्हीच्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून इथं काही तपशील बदलले आहेत.)

आम्ही तिला खूप समजावलं, फरक पडला नाही. फरक पडला तो पुढच्या आठवड्यात आलेल्या एका बाईमुळे. ती स्वतः एचआयव्हीसह जगणारी, एका संस्थेची कार्यकर्ती. पाटी नाही, गणवेश नाही, साधी ओळखीची बाई भेटायला यावी तशी आली. तिनं स्वतःचा औषधाचा डबा दाखवला आणि उपचार दुसऱ्या केंद्रात बदलून घ्यायला मदत केली.

ही बाई आली कुठून, हे आपण समजून घ्यायला हवं.

संस्थांचं जाळं कसं उभं राहिलं?

भारतात एचआयव्हीचा पहिला शोध 1986 मध्ये चेन्नईत लागला. 1992 मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना म्हणजे नॅको सुरू झाली. पण भीती आणि बदनामी इतकी होती की तपासणीलाच लोक येईनात. 1997 मध्ये एचआयव्हीसह जगणाऱ्यांनीच एकत्र येऊन आपलं देशव्यापी नेटवर्क उभं केलं. पुढे राज्याराज्यांत आणि जिल्ह्याजिल्ह्यांत अशी नेटवर्क झाली, आपल्या महाराष्ट्रातही. 2004 पासून सरकारनं एआरटी औषधं मोफत द्यायला सुरुवात केली.

औषध मोफत झालं तरी एक अडचण राहिली. गोळी रोज आणि आयुष्यभर घ्यावी लागते, आणि मध्येच सोडणाऱ्याच्या मागे दवाखाना किती धावणार? म्हणून 2013 मध्ये 'विहान' हा कार्यक्रम आला. धोरण नॅकोचं, पैसा ग्लोबल फंडाचा, समन्वय इंडिया एचआयव्ही/एड्स अलायन्सचा, आणि जिल्ह्यात प्रत्यक्ष काम स्थानिक संस्थांचं व पेशंटांच्या नेटवर्कचं. एआरटी केंद्रातून कोण आलं नाही ते कळतं आणि कार्यकर्ता गुपचूप घरी जातो.

समन्वय नसेल तर काय होतं बघा. माणूस मुंबईत कामाला, तपासणी तिथं झाली, काम सुटलं आणि तो गावी गेला. एकट्या संस्थेच्या हातून तो निसटतो. सगळ्या एकमेकींशी जोडलेल्या असतील तर गावाजवळच्या केंद्रात त्याचं औषध चालू राहतं.

गोळी नियमित असेल तर

नियमित उपचारानं रक्तातला विषाणू इतका कमी होतो की तपासणीत दिसत नाही. तसा तो कमीच राहिला तर शारीरिक संबंधातूनही जोडीदाराला लागण होत नाही. गरोदर बाईनं वेळेवर उपचार घेतले तर बाळाला लागण होण्याचा धोका 5 टक्क्यांच्याही खाली येतो. एका दस्तरख्वानावर जेवल्यानं, मुसाफा केल्यानं, मशिदीच्या हौदावर वजू केल्यानं किंवा डास चावल्यानं एचआयव्ही पसरत नाही.

कायदा काय म्हणतो?

एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा 2017 चा, लागू झाला 10 सप्टेंबर 2018 पासून. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही. नोकरी, शाळा, दवाखाना किंवा भाड्याचं घर एचआयव्हीमुळे नाकारता येत नाही. आम्हा शिक्षकांना ठाऊक हवी अशी एक तरतूद आहे: एचआयव्हीग्रस्त कुटुंब सांभाळणारं, समज असलेलं 12 ते 18 वर्षांचं मूल शाळाप्रवेशासाठी धाकट्या भावंडाचं पालक म्हणून सही करू शकतं. अशी मुलं आहेत, म्हणूनच हे कायद्यात लिहावं लागलं.

आपण काय करायचं?

आपल्याकडे बीमाराची खबर घ्यायला जाणं सवाबचं काम मानतात. मात्र या आजारात आपण खबर घेत नाही, खबर पसरवतो. त्या आईला विषाणूपेक्षा रांगेत उभ्या असलेल्या आपल्याच माणसांची भीती जास्त होती. संस्थांचं जाळं कितीही मोठं असो, मोहल्ल्याची जीभ सैल असेल तर कार्यकर्तीला दारावरूनच परतावं लागतं.

तेव्हा एआरटी केंद्राबाहेर कुणी ओळखीचं दिसलं तर सलाम करा आणि पुढे व्हा. घरी येऊन कुणाला सांगू नका. स्वतःला शंका असेल तर सरकारी दवाखान्यात तपासणी मोफत आहे आणि नाव गुप्त राहतं. नॅकोची 1097 ही हेल्पलाइन मोफत आहे.

तो मुलगा आता आठवीत आहे आणि रोज शाळेत येतो. त्याच्या घरचं वर्गात कुणालाच ठाऊक नाही, आणि ते तसंच राहील याची काळजी आम्ही घेतो.