मांसल ससा: वाढ कशावर ठरते?

न्यूझीलंड व्हाइट आणि सोव्हिएत चिंचिला या मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या सशांच्या जाती. पण एकाच जातीची, एकाच खाद्यावरची पिल्लंही सारखी वाढत नाहीत. वाढ एका नव्हे, अनेक जनुकांवर अवलंबून असते. वाढसंप्रेरकाचं जनुक त्यापैकी एक. मायोस्टॅटिनचं जनुक स्नायूंच्या वाढीला आवर घालतं. वाढीचा वेग बऱ्यापैकी आनुवंशिक असतो, एका वेतातल्या पिल्लांची संख्या मात्र फारच कमी आनुवंशिक. म्हणून दूध तोडताना आणि वयाच्या बाराव्या आठवड्यात वजनं नोंदवून पैदाशीचे ससे निवडावेत. सख्ख्या नात्यात जोड्या लावू नयेत. वैविध्य घटून पिल्लं कमजोर निपजतात. वंशाइतकंच हवामानही महत्त्वाचं. भंडाऱ्यासारख्या ठिकाणचा कडक उन्हाळा ध्यानात ठेवाच: सशाला घामाने अंग थंड करता येत नाही. उकाड्यात तो कमी खातो, वाढ खुंटते. सावली आणि गार पाणी नसेल, तर उत्तम वंशही वाया जातो.