ध्रुवतारा दिसत नसेल तर…
बंगळुरूचं जे. पी. नगर 12.9 अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास. ध्रुवतारा इथे क्षितिजापासून जेमतेम 13 अंश वर असतो (पुण्यात साडेअठरा) आणि बहुधा इमारतींआड जातो. मग दुर्बिणीच्या इक्वेटोरियल माउंटचा अक्ष त्याच्याकडे नीट रोखता येत नाही. म्हणूनच जुन्या माउंटला 'गो-टू' (दुर्बीण आपोआप लक्ष्याकडे वळवणारी यंत्रणा) बसवणं इथे खरं उपयोगी. दोन्ही अक्षांना स्टेपर मोटर आणि पट्टा जोडायचा, 'ऑनस्टेप' हे मुक्त सॉफ्टवेअर चालवायचं, ओळखीचे दोन-तीन तारे दाखवायचे. अक्षाची चूक हिशेबात धरून दुर्बीण पुढचं लक्ष्य स्वतः गाठते. इतक्या कमी अक्षांशावर प्रतिवजनाचा दांडा तिवईच्या पायावर आपटू शकतो, तेही पाहा. मोटरवर खर्च करण्याआधी जुनं, घट्ट झालेलं ग्रीस काढा आणि वर्म गिअरमधली ढिलाई कमी करा. ती सॉफ्टवेअरने पूर्ण भरून निघत नाही.