जंत पोटात, मूळ मात्र मातीत

“डॉक्टर, मागच्या पावसाळ्यातच औषध दिलं होतं. पुन्हा जंत कसे झाले?” असे अनेक आया विचारतात. जोडीला ‘गूळ फार खातो हो’ ही तक्रार असतेच. गुळाने जंत होत नाहीत. आणि गोळीने मरतात ते पोटातले जंत, मातीतली अंडी नव्हेत.

उघड्यावरच्या शौचामुळे गोल जंतांची अंडी मातीत मिसळतात आणि न धुतलेल्या हातांतून, भाजीतून पोटात जातात. अंकुशकृमीची अळी तर अनवाणी पायाच्या कातडीतून शिरते. हा कृमी आतड्याला चिकटून रक्त शोषतो. मूल फिकट पडते, लवकर थकते. या अळीला ओलसर, सावलीची जमीन मानवते. कोरड्या, तापलेल्या जमिनीत ती टिकत नाही. म्हणून सर्व गावांत जंत सारखे नसतात.

इथे नकाशा कामी येतो. निवडक शाळांतील मुलांचे शौच तपासून, शंभरांत किती मुलांना जंत आहेत ते नकाशावर मांडतात. पाऊस, तापमान व जमिनीची माहिती जोडून न तपासलेल्या भागाचाही अंदाज बांधतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे प्रमाण 20 टक्क्यांवर असल्यास वर्षातून एकदा आणि 50 टक्क्यांवर असल्यास दोनदा मुलांना सामूहिक औषध द्यावे. आपल्याकडे 2015 पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळा-अंगणवाड्यांतून अल्बेंडाझोलची गोळी देतात.

गावोगाव शोध घेण्याचे फळ आपण नारूच्या बाबतीत पाहिले आहे. नारूवर ना लस होती, ना खात्रीचे औषध. तरीही घरोघर रुग्ण शोधून, दूषित पायविहिरी हेरून, पाणी गाळायला शिकवून भारताने तो हटवला. शेवटचा रुग्ण 1996 मध्ये राजस्थानात आढळला. 2000 मध्ये देश नारूमुक्त ठरला.

तेव्हा मूल धडधाकट दिसले तरी शाळेतली गोळी चुकवू नका. एकट्याने औषध घेऊन भागत नाही. शेजारच्या मुलांमुळे माती पुन्हा दूषित होते. पायात चप्पल, कापलेली नखे, साबणाने धुतलेले हात आणि घरातील प्रत्येकाने शौचालयाचा वापर, एवढे सांभाळावे. मूल फिकट दिसत असेल तर रक्तही तपासून घ्यावे.