रक्त पातळ करणारी औषधे आणि रक्तस्रावाचा धोका

अनियमित ठोक्यांमुळे हृदयात गुठळी होऊन पक्षाघात होऊ नये, म्हणून रक्त पातळ करणारी औषधे देतात. त्या सर्वांमुळे रक्तस्राव होऊ शकतो; पण धोका सारखा नसतो. १९५४पासून वापरात असलेल्या वॉरफॅरिनमध्ये आयएनआर (रक्त गोठण्यास लागणाऱ्या वेळेचे मोजमाप) सहसा २ ते ३ दरम्यान राखावा लागतो. तो वाढला, की रक्तस्रावाचा धोकाही वाढतो. डॅबिगॅट्रान, रिव्हारोक्सॅबान, अ‍ॅपिक्सॅबान यांत मेंदूतील रक्तस्राव वॉरफॅरिनपेक्षा कमी आढळला. पहिल्या दोहोंत मात्र पचनमार्गातील रक्तस्राव जास्त दिसला. २०११च्या अ‍ॅरिस्टॉटल चाचणीत गंभीर रक्तस्रावाचे वार्षिक प्रमाण वॉरफॅरिनवर ३.०९, तर अ‍ॅपिक्सॅबानवर २.१३ टक्के होते. हृदयातील धातूच्या कृत्रिम झडपेसाठी मात्र वॉरफॅरिनच लागते. काळी शौच किंवा अचानक तीव्र डोकेदुखी झाल्यास तातडीने रुग्णालय गाठावे. औषध परस्पर बंद करू नये.