मुंबईच्या बंदरकाठाने पायी

मुंबईस आपण पुष्कळदा जातो. परंतु मुंबईचे बंदर पाहिले आहे काय, असे कोणी विचारले तर गेटवेपाशी उभे राहून लाँच पाहिल्या, यापलीकडे बहुतेकांना उत्तर देता येत नाही. यात पाहणाराचा दोष थोडा आहे. ज्या बंदरामुळे ही नगरी जन्मास आली, ते बंदरच तिच्या नागरिकांच्या दृष्टीआड गेले आहे. म्हणून आम्ही येथे एक वाट सुचवितो. अंतर दोन-अडीच किलोमीटरचे. वाटाड्या नको, वाहन नको. सकाळची वेळ, पायांत चांगल्या वहाणा आणि मनात एकच प्रश्न असला की पुरे: समुद्र येथून किती दूर आहे, आणि मध्ये कोण उभे आहे?

आरंभ गेटवे ऑफ इंडियापासून करावा. या जागेचे आपल्या लोकांच्या तोंडचे नाव पालवा बंदर. त्याचेच इंग्रजांनी अपोलो बंदर केले. २ डिसेंबर १९११ रोजी पंचम जॉर्ज बादशहा येथे उतरला तेव्हा ही कमान नव्हती. स्वागतासाठी पुठ्ठ्याची तात्पुरती शोभा उभारली होती. पायाचा दगड ३१ मार्च १९१३ रोजी बसला आणि कमान खुली झाली ती ४ डिसेंबर १९२४ रोजी. जॉर्ज विटेट हा तिचा शिल्पज्ञ. दगड खरोडीचा पिवळसर बसाल्ट, जाळ्या ग्वाल्हेरच्या. स्वागतासाठी बांधलेल्या या कमानीखालूनच २८ फेब्रुवारी १९४८ रोजी शेवटची ब्रिटिश पलटण बोटीवर चढली. समोर शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा आहे. तो २६ जानेवारी १९६१ रोजी उभा राहिला. येथे पाणी डोळे भरून पाहून घ्यावे. पुढच्या वाटेवर ते फारसे भेटणार नाही.

पुतळ्यावरून वस्तुसंग्रहालयाच्या चौकात यावे आणि उजवीकडे वळून शहीद भगतसिंग मार्गाला लागावे. आता आपले तोंड उत्तरेस आहे, म्हणजे समुद्र उजव्या हाताला. मात्र दिसते ती एक उंच, लांबलचक भिंत. ही नौदलाच्या गोदीची भिंत. तिच्या एका दरवाजाला लायन गेट म्हणतात. आत जाता येत नाही, तरी येथे क्षणभर थांबावे. १७३६ साली सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया नावाचा पारशी सुतार येथे आला आणि त्याच्या घराण्याने पिढ्यान् पिढ्या या भिंतीआड जहाजे बांधली. लाकूड मलबारचे सागवान. ओकच्या लाकडाहून ते समुद्रात अधिक टिके, म्हणून इंग्रजी आरमारानेही आपली लढाऊ जहाजे येथे बांधून घेतली. १८१३ साली येथे पाण्यात लोटलेल्या 'कॉर्नवॉलिस' या जहाजावर १८४२ साली चीनला नानकिंगच्या तहावर सही करावी लागली. १८१७ चे 'त्रिंकोमाली' तर अजूनही तरंगते आहे; इंग्लंडमधील हार्टलपूल येथे लोक तिकीट काढून ते पाहावयास जातात. मुंबईच्या सुतारांचे काम पाहावयास विलायतेला जावे लागते आणि ते जेथे झाले तेथे आपल्याला भिंत दिसते, हा योग विलक्षण खरा!

लायन गेटच्या समोरच्या बाजूस स्कॉटिश लोकांचे सेंट अँड्र्यूज चर्च आहे, १८१९ चे. त्याच्या लगत एके काळी बर्फघर होते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील बोस्टनकडच्या तळ्यांतला बर्फ कापून, लाकडाच्या भुशात गुंडाळून, गलबतांतून येथवर येई आणि या घरात साठविला जाई. पुढे बर्फाचे कारखाने निघाले आणि ते घर गेले. बंदर म्हणजे काय, हे समजण्यास कापूस आणि अफू यांच्या आकड्यांपेक्षा ही एक गोष्ट अधिक उपयोगी पडेल, असे आम्हांस वाटते.

त्याच रस्त्याने पुढे गेले की उजव्या हाताला जुने जकातघर लागते. आज तेथे मुंबई शहराच्या जिल्हाधिकाऱ्यांची कचेरी आहे. जकातघर नेहमी धक्क्याजवळ असते. मालावर डोळा ठेवावयाचा तर माल उतरतो तेथेच बसावे लागते. तेव्हा जकातघर दिसले की जुना किनारा जवळच होता असे खुशाल समजावे. वाटाड्यावाचून हिंडणाराने अशा खुणा वाचण्याची सवय लावून घ्यावी.

जकातघराला लागूनच टाउन हॉल आहे. १८३३ साली तो पुरा झाला. त्याच्या ३० पायऱ्या चढून वर गेल्यावर एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय लागते. या संस्थेचे मूळ १८०४ सालचे. आत गव्हर्नरांच्या पुतळ्यांच्या पंक्तीत आपल्या नाना शंकरशेटांचाही पुतळा आहे, तो अवश्य पाहावा; त्यासाठी मात्र कामाचा दिवस निवडावा. पायऱ्यांवर उभे राहिले की समोर हॉर्निमन सर्कलची वर्तुळाकार बाग दिसते. हे पूर्वीचे मोकळे मैदान. येथे कापसाच्या गठड्यांचे ढीग लागत, आणि दलाल मंडळी टाउन हॉलसमोरच्या वडांखाली बसून सौदे करीत. त्यांतूनच १८७५ साली मुंबईचा शेअर बाजार उभा राहिला. बागेपलीकडे सेंट थॉमस कॅथीड्रल आहे, १७१८ च्या नाताळात उघडलेले. त्याच्या वाटेवर तटाचा जो दरवाजा होता तोच चर्चगेट. दरवाजा गेला, नाव मात्र स्टेशनाला राहिले.

आता टाउन हॉलच्या पाठीमागे काय आहे, ते ध्यानात घ्यावे. तेथे मुंबईचा मूळ किल्ला आहे. पोर्तुगीज काळात गार्सिया द ऑर्ता या वैद्याचा वाडा त्या जागी होता. १६६८ साली कंपनीला हे बेट वर्षाला १० पौंड भाड्याने मिळाले आणि वाड्याभोवती तटबंदी झाली. पुढे १७१५ ते १७२२ या काळात बून नावाच्या गव्हर्नराने साऱ्या गावाभोवती कोट घालण्याचे काम नेटाने केले. त्या कोटामागे ज्यांची धास्ती होती त्यांत कान्होजी आंग्रे प्रमुख होते. बूनने त्यांच्यावर मोहिमा काढल्या, १७१८ साली खांदेरीवर आणि १७२१ साली कुलाब्यावर, दोन्ही फसल्या. गावाचा कोट १८६२ नंतर फ्रिअर साहेबाने पाडून टाकला. त्याचा एक तुकडा सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात शिल्लक आहे. आणि मूळ किल्ल्याचे काय झाले? तो आपल्या नौदलाकडे आहे आणि त्याचे नाव आहे 'आय. एन. एस. आंग्रे'. ज्यांच्या भयाने गावाला कोट घातला, त्यांचेच नाव आज किल्ल्याच्या दरवाजावर आहे. इतिहासाने उगवलेला इतका नेमका सूड आम्हांस दुसरा ठाऊक नाही.

याच जागी आणखी एक प्रकरण घडले. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत नाविकांचे बंड सुरू झाले. २१ तारखेस या किल्ल्यातील बराकींत नाविक आणि गोरे सैन्य यांच्यात गोळीबार झाला. त्या दिवसांत मुंबईकरांनी गेटवेवर जाऊन उपाशी नाविकांना अन्न पोचविले. ज्या धक्क्यावरून आपण निघालो, तो केवळ बादशहांचा नव्हता, हे एवढ्यावरून कळेल.

टाकसाळीच्या १८२९ च्या इमारतीवरून पुढे उजवीकडे वळले की आपण बॅलार्ड इस्टेटमध्ये येतो. रुंद सरळ रस्ते, सारख्या उंचीच्या दगडी इमारती; विलायतेतल्या एखाद्या गावात आल्याचा भास होतो. पण ही २२ एकर जमीन मुळी जमीनच नव्हती. शेजारी अलेक्झांड्रा गोदी, म्हणजे आजची इंदिरा गोदी, खणताना निघालेली माती समुद्रात टाकून १९०८ ते १९१४ या काळात ती तयार झाली. येथल्या इमारतींवरही विटेटचाच हात फिरला आहे. याच्या टोकाशी बॅलार्ड पिअर. विलायतेची बोट लागली की उतारू येथूनच आगगाडीत बसत आणि थेट पेशावरपर्यंत जात.

येथून उत्तरेकडे गोद्यांची रांग आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी चारच्या सुमारास व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' हे दारूगोळा आणि कापूस एकत्र भरलेले जहाज फुटले; आग विझविताना ६६ अग्निशामक जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर अग्निशमन सप्ताह पाळतात. जवळच्या हमरस्त्यास गोदी कामगारांचे पुढारी प्लासिड डिमेलो यांचे नाव आहे. आणखी उत्तरेस भाऊ अजिंक्य यांनी बांधलेला भाऊचा धक्का. १७ जुलै १९४७ रोजी तेथून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. कोकणातल्या कितीतरी घरांत ती तारीख अजून विसरलेली नाही.

आमची वाट येथे संपते. या सगळ्या चालीत समुद्र आपल्या उजव्या हाताला होता, आणि तो आरंभी दिसला तेवढाच. आरमाराची भिंत समजण्यासारखी आहे. देशाचे रक्षण व्हावयास हवे. परंतु बंदराच्या पुष्कळशा जमिनीची गोष्ट वेगळी आहे. १९८९ साली पलीकडे न्हावा-शेवा बंदर सुरू झाल्यापासून मालाची मोठी वर्दळ तिकडे गेली, आणि पूर्व किनाऱ्यावरच्या शेकडो एकर जमिनीचे काय करावयाचे, हा प्रश्न उभा राहिला. तेथे उंच इमारती उठाव्या की लोकांना पाण्यापर्यंत जाण्याची वाट मिळावी, याचा निर्णय पुढच्या काळात व्हावयाचा आहे. ज्यांनी तो काठ कधी पाहिलाच नाही, त्यांचे मत कोण विचारणार? आणि विचारलेच, तर ते काय सांगणार? म्हणून एवढी सकाळ प्रत्येकाने काढावी. समुद्रावर हक्क सांगण्यापूर्वी तो कोठे आहे, हे तरी आपल्याला ठाऊक असले पाहिजे.