पाळीचं कॅलेंडर आणि कामाचं कॅलेंडर

गेल्या काही वर्षांत 'सायकल सिंकिंग' हा शब्द तुम्ही इन्स्टाग्रामवर किंवा मैत्रिणींच्या गप्पांमध्ये ऐकला असेल. रक्तस्रावाच्या दिवसांत विश्रांती घ्या, दुसऱ्या आठवड्यात नवी कामं सुरू करा, बीजोत्सर्गाच्या सुमारास मुलाखती आणि प्रेझेंटेशन ठेवा, शेवटच्या आठवड्यात हलकी, आवराआवरीची कामं करा, असा हा सल्ला. जोडीला दर आठवड्याचा वेगळा आहार आणि वेगळा व्यायाम. अलिसा व्हिटी या अमेरिकन लेखिकेच्या 'वुमनकोड' या २०१३ सालच्या पुस्तकापासून ही कल्पना पसरली. आज त्यावर अ‍ॅप, कोर्स आणि पूरक गोळ्या विकल्या जातात.

आपल्याकडे याचंच एक देशी भावंड व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं: 'चार दिवस बाजूला बसण्यामागे शास्त्र होतं, बायकांना तेवढीच विश्रांती!' ज्या घरांत कावळा शिवलेल्या बाईला निवडणं-टिपणं, गोधड्या शिवणं, शेतातली कामं चुकत नव्हती, त्या घरांतल्या आज्यांना हे शास्त्र कितपत पटेल, ही शंकाच आहे. पण मूळ प्रश्न रास्त आहे. पाळीच्या चक्राप्रमाणे काम आणि दिनक्रम बदलावा का? बदलायचा असेल तर कशाच्या आधारावर?

महिन्याभरात नेमकं काय घडतं?

चक्राचा पहिला दिवस म्हणजे रक्तस्रावाचा पहिला दिवस. तेव्हा इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही दोन्ही संप्रेरकं कमी असतात. पुढे अंडाशयात एक पुटक वाढू लागतं, ते इस्ट्रोजेन तयार करतं आणि मग अंडं बाहेर पडतं. हाच बीजोत्सर्ग. रिकाम्या पुटकाचा पीतपिंड होतो आणि तो प्रोजेस्टेरॉन स्रवतो. त्यामुळे शरीराचं तापमान साधारण ०.३ ते ०.५ अंश सेल्सियसने वाढतं. गर्भधारणा झाली नाही, तर सुमारे दोन आठवड्यांत पीतपिंड मावळतो, संप्रेरकं उतरतात आणि पाळी येते.

गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बहुतेक स्त्रियांमध्ये बीजोत्सर्गच होत नाही. त्यामुळे त्यांच्या शरीरात हे चढउतार असे नसतात. पीसीओएस असेल किंवा चाळिशीनंतर रजोनिवृत्ती जवळ येत असेल, तर चक्र अनियमित होतं. म्हणजे ठरीव तक्ता कितीतरी जणींना पहिल्याच पायरीवर लागू पडत नाही.

२८ दिवस कुणाचे?

उरलेल्यांचं तरी चक्र घड्याळासारखं चालतं का? २०१९ साली एका अ‍ॅपच्या नोंदींवरून सुमारे सव्वा लाख स्त्रियांच्या सहा लाखांहून अधिक चक्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सरासरी लांबी निघाली २९.३ दिवस. बरोबर २८ दिवसांची चक्रं फक्त १३ टक्के होती. फरक मुख्यतः पूर्वार्धात पडतो, कारण पुटक पिकायला कधी कमी, कधी जास्त दिवस लागतात. उत्तरार्ध त्या मानाने स्थिर असतो. साहजिकच 'आज तुमचा बीजोत्सर्गाचा दिवस' असं केवळ मागच्या तारखांवरून सांगणारं अ‍ॅप अंदाज बांधत असतं. तेवढ्यावर नोकरीच्या मुलाखतीची तारीख ठरवण्यात अर्थ नाही.

बुद्धी आणि बळ

समजा, तारीख अचूक कळली. त्या दिवशी डोकं खरंच जास्त चालतं का? २०२५ मध्ये 'प्लॉस वन' या नियतकालिकात १०२ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण आलं. स्मरणशक्ती, लक्ष, भाषा, आकृत्या फिरवून पाहणं अशा अनेक क्षमता त्यात तपासल्या होत्या. चक्राच्या टप्प्यानुसार बुद्धीची कामगिरी बदलते, याचा ठोस पुरावा मिळाला नाही. पाळीच्या दिवसांत बायकांचा निर्णय चुकतो, असं म्हणणाऱ्या ऑफिसातल्या कुणालाही हे जरूर सांगा.

व्यायामाचं चित्र थोडं वेगळं, पण फार नाही. २०२० च्या एका मोठ्या आढाव्यात चक्राच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत कामगिरी किंचित घटू शकते असं दिसलं. मात्र फरक नगण्य होता आणि मूळ अभ्यासांचा दर्जा बेताचा होता. संशोधकांचा निष्कर्ष असा की सरसकट नियम करू नये, प्रत्येकीचं वेगळं पाहावं. २०१९ चा विश्वचषक जिंकणाऱ्या अमेरिकेच्या महिला फुटबॉल संघाने खेळाडूंच्या चक्राच्या आणि लक्षणांच्या नोंदी ठेवल्या होत्या.

मग त्रास होतो तो कशाने?

इथे गल्लत होऊ देऊ नका. संप्रेरकांनी बुद्धी बदलत नाही, याचा अर्थ त्रास मनाचा खेळ आहे असा नाही. पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लॅंडिन नावाची रसायनं सुटतात. त्यांनी गर्भाशयाचे स्नायू जोरात आवळतात, तिथला रक्तपुरवठा कमी होतो आणि कळा येतात. हीच रसायनं आतड्यांवर परिणाम करतात, म्हणून काहींना जुलाब आणि मळमळही होते.

२०१९ साली नेदरलँड्समध्ये ३२ हजारांहून अधिक स्त्रियांची पाहणी झाली. सुमारे १४ टक्के स्त्रियांनी पाळीच्या त्रासामुळे काम किंवा शिक्षण बुडाल्याचं सांगितलं. पण ८० टक्क्यांहून अधिक जणी त्रास होत असतानाही कामावर जात होत्या आणि त्यामुळे वर्षाला सरासरी ८.९ दिवसांइतकं काम कमी होत होतं. रजा घेणाऱ्यांपैकी खरं कारण साहेबांना सांगणाऱ्या फक्त २० टक्के. युरोपातल्या मोकळ्या मानल्या जाणाऱ्या देशातली ही गोष्ट.

चक्राप्रमाणे बदल कुठे उपयोगी पडतो?

वैद्यकशास्त्रात याची चांगली उदाहरणं आहेत. पाळीपूर्वीच्या आठवड्यात काहींना तीव्र नैराश्य, संताप, निराशा येते आणि पाळी सुरू झाल्यावर काही दिवसांत ते ओसरतं. याला पीएमडीडी म्हणतात. निदानासाठी निदान दोन चक्रं रोजच्या रोज नोंदी ठेवाव्या लागतात. यावर दिली जाणारी नैराश्यविरोधी औषधं इथे लवकर गुण देतात, त्यामुळे ती काही जणींना फक्त उत्तरार्धात घेऊनही चालतात. पाळीच्या आसपास ठरून येणाऱ्या मायग्रेनसाठी डॉक्टर तेवढ्याच दिवसांपुरतं प्रतिबंधक औषध देऊ शकतात. टाइप १ मधुमेह असलेल्या काही स्त्रियांना पाळीआधी इन्शुलिनचा डोस वाढवावा लागतो. या सगळ्यांत आधार आहे तो त्या त्या स्त्रीच्या स्वतःच्या नोंदींचा.

बदलायचं कुणी?

जपानमध्ये पाळीच्या रजेचा कायदा १९४७ पासून आहे, पण ती घेणाऱ्या स्त्रिया १ टक्क्याहूनही कमी. मागायला संकोच आणि पगार मिळेलच याची खात्री नाही. स्पेनने २०२३ मध्ये तीव्र वेदनांसाठी डॉक्टरांच्या दाखल्यावर सरकारी खर्चाने रजा दिली. बिहारमध्ये सरकारी नोकरीतल्या स्त्रियांना १९९२ पासून महिन्याला दोन दिवस मिळतात. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये मात्र चिंता व्यक्त केली, की रजा सक्तीची केली तर स्त्रियांना नोकरी देणंच टाळलं जाईल.

कधी कधी नियमातला छोटा बदलही पुरतो. विम्बल्डनने २०२३ पासून महिला खेळाडूंना पांढऱ्या स्कर्टखाली गडद शॉर्ट्स घालायला परवानगी दिली. डाग दिसेल ही धास्ती त्याने कमी झाली.

आणि काम बदललं नाही, तर शरीराला किंमत मोजावी लागते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. एक दिवस चुकला की 'खाडा' पडतो आणि पैसे कापले जातात. फडात ना संडास, ना पुरेसं पाणी. २०१९ मध्ये सरकारी समितीच्या पाहणीत सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. म्हणजे दर सहा जणींमागे जवळजवळ एक. कितीतरी जणी चाळिशीच्याही आत. 'पाळीचा त्रास नको, खाडा नको' ही त्यामागची एक मोठी भीती. कामाच्या कॅलेंडरला शरीर जुळवण्याचं याहून भीषण उदाहरण नसेल.

आपण काय करू शकतो?

• दोन-तीन महिने साधी वही घाला. रक्तस्राव, वेदना, झोप, मनःस्थिती, डोकेदुखी रोज एका ओळीत लिहा. नमुना दिसला, तरच त्याप्रमाणे बदल करा.

• कळा येत असतील तर आयब्युप्रोफेन किंवा मेफेनॅमिक अ‍ॅसिडसारखं औषध त्रास सुरू होताच घेतलेलं बरं, कारण ही औषधं प्रोस्टाग्लॅंडिन तयार होणंच रोखतात. अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, दमा असेल किंवा गर्भधारणेचा प्रयत्न चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. गरम पाण्याची पिशवी ही आजीची युक्ती चाचण्यांमध्येही उपयुक्त ठरली आहे.

• दर तासाला पॅड बदलावं लागणं, मोठ्या गाठी पडणं, सतत थकवा ही लक्षणं असतील तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन तपासून घ्या.

• औषधाने न थांबणाऱ्या वेदना 'सगळ्यांनाच होतं' म्हणून सोसू नका. एंडोमेट्रिओसिस दर दहांतल्या एकीला असतो आणि निदानाला अनेक वर्षं लागतात. परदेशात डॉक्टरांची वेळ मिळते दहा-पंधरा मिनिटांची. तिथे ती वही बरोबर न्या.

• अ‍ॅप वापरत असाल, तर माहिती कुठे जाते ते पाहा. फ्लो या अ‍ॅपने वापरकर्त्यांची माहिती इतर कंपन्यांना दिल्याच्या आरोपावरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२१ मध्ये त्या कंपनीशी तडजोडीचा करार केला. अमेरिकेतल्या ज्या राज्यांत २०२२ नंतर गर्भपातावर बंदी आली, तिथे तर हा प्रश्न आणखी नाजूक आहे.

• ऑफिसात हातात अधिकार असतील, तर सोय सगळ्यांसाठी करा: घरून काम, वेळेत सूट, कारण न विचारता आजारपणाची रजा. ब्रिटनमध्ये पाळी आणि रजोनिवृत्तीबद्दल २०२३ पासून एक राष्ट्रीय मानकही आहे. तिथल्या वाचकांनी ते आपल्या एचआरच्या नजरेस आणून द्यावं.

घरात मुलगी वयात येत असेल, तर तिला चार आठवड्यांचा तक्ता देण्याआधी ती वही द्या. तिचं चक्र सुरुवातीची काही वर्षं अनियमित असणारच आहे. ते वाचायला तिचं तीच शिकेल. आणि दुखतं म्हणाली, तर तिचं ऐकून घ्या.