अमेरिकेतील घराचे छप्पर : करारावर स्वाक्षरी करण्यापूर्वी

अमेरिकेत घर घेताना मराठी कुटुंबे परिसरातील शाळा, गृहकर्जाचा व्याजदर आणि कार्यालयापर्यंतचे अंतर यांचा बारकाईने विचार करतात. छपराकडे लक्ष जाते ते बहुधा छतावर ओलीचा डाग उमटल्यावर, किंवा गारपिटीनंतर एखादा ठेकेदार दारात येऊन विम्याच्या पैशांत फुकट छप्पर बदलून देण्याची तयारी दाखवू लागल्यावर. दोन्ही प्रसंगी निर्णय घाईने घेतला जातो आणि प्रश्न हजारो डॉलरांचा असतो. छपराची रचना आणि त्याभोवतीचा व्यवहार आधीच ठाऊक असेल, तर ही घाई महागात पडत नाही.

छपराची रचना

पुण्या-मुंबईच्या इमारतींवर काँक्रीटचा सपाट स्लॅब असतो. अमेरिकेतील बहुतेक स्वतंत्र घरांचे छप्पर त्याहून वेगळे, कोकणातील कौलारू घराच्या जातीचे आहे. वाशांच्या किंवा ट्रसच्या लाकडी सांगाड्यावर प्लायवूडचे अथवा ओएसबीचे तक्ते ठोकलेले असतात. त्यांवर अंडरलेमेंट नावाचा जलरोधक थर आणि सर्वांत वर डांबरी शिंगल. शिंगल म्हणजे फायबरग्लासच्या पातळ पत्रावर चढवलेले डांबर व त्यावर दाबून बसवलेले खनिजाचे कण. हे कण डांबराचे उन्हापासून रक्षण करतात. जुन्या छपराच्या पन्हळीत ते मोठ्या प्रमाणात साचू लागले, की शिंगलचे आयुष्य सरत आले असे समजावे.

कौलांप्रमाणेच शिंगलचे काम पाणी कोंडून धरण्याचे नसून ते उतारावरून खाली वाहून नेण्याचे आहे. त्यामुळे पाणी जेथे अडते, तुंबते किंवा वाऱ्याने उलटे ढकलले जाते, तेथेच छप्पर गळते.

गळती बहुधा सांध्यांत

धुराड्याचा पाया, स्कायलाइटची चौकट, दोन उतार मिळतात ती खोलगट रेषा, भिंतीला टेकलेली कड आणि छपरातून वर आलेले सांडपाण्याच्या वायूचे नळ ही गळतीची नेहमीची ठिकाणे होत. तेथे फ्लॅशिंग म्हणजे वाकवलेल्या धातूच्या पट्ट्या बसवतात. नळाभोवतीचे रबरी कडे उन्हाने अनेकदा शिंगलच्या आधीच तडकते. ते बदलण्याचा खर्च संपूर्ण छपराच्या तुलनेत किरकोळ असतो. म्हणून एका डागावरून सगळे छप्पर बदलण्याचा सल्ला मिळाल्यास दुसऱ्या ठेकेदाराचे मत घेणे शहाणपणाचे ठरते. पाणी तक्त्यांवरून आणि वाशांवरून ओघळत दूरवर जाते. छतावरील डागाच्या थेट वरच छिद्र असेल असे नाही.

थंडी आणि गारा

बर्फाळ राज्यांत घरातील उष्णतेने छपरावरचा बर्फ वितळतो आणि थंड वळचणीपाशी येऊन पुन्हा गोठतो. या बांधामागे तुंबलेले पाणी शिंगलखाली शिरते. मुख्य उपाय माळ्यावर आहे : उष्णतारोधक आवरण पुरेसे हवे, छतातील फटी बुजवलेल्या हव्यात, वळचणीखालून आत येणारी हवा आढ्यावरच्या झरोक्यातून बाहेर पडली पाहिजे. स्नानगृहाचा पंखा ओली हवा माळ्यावर सोडत असेल, तर तक्त्यांना बुरशी लागते. जेथे असे बांध होतात तेथील बांधकाम नियमांनुसार वळचणीपासून बाहेरच्या भिंतीच्या आत किमान २४ इंचांपर्यंत चिकट जलरोधक थर आवश्यक असतो.

टेक्सास, कोलोरॅडोसारख्या राज्यांत गारांचा धोका मोठा. तेथे 'क्लास ४' शिंगलचा विचार करावा. या चाचणीत २ इंच व्यासाचा पोलादी गोळा २० फुटांवरून टाकतात आणि शिंगलला तडा जाता कामा नये. अशा छपरासाठी काही विमा कंपन्या हप्त्यात सवलत देतात.

विम्यातील दोन शब्द

पॉलिसीत 'रिप्लेसमेंट कॉस्ट' असेल, तर नव्या छपराचा खर्च गृहीत धरला जातो. मात्र बहुधा प्रथम घसारा वजा करून रक्कम मिळते आणि उरलेली काम पूर्ण झाल्यावर. 'अॅक्चुअल कॅश व्हॅल्यू' असेल, तर घसारा कायमचा वजा होतो आणि जुन्या छपराला फारच थोडे पैसे मिळतात. वादळ-गारपिटीचे डिडक्टिबल अनेकदा विमा रकमेच्या टक्केवारीत असते. घराचा विमा ४ लाख डॉलरांचा आणि डिडक्टिबल २ टक्के असेल, तर पहिले ८,००० डॉलर घरमालकानेच भरायचे असतात. ते माफ करण्याचे आश्वासन देणारा ठेकेदार बहुतेक वेळा विमा कंपनीला फुगवलेले बिल पाठवतो. टेक्सासमध्ये अशी माफी बेकायदेशीर आहे, आणि १ सप्टेंबर २०१९ पासून डिडक्टिबल भरल्याचा पुरावा विमा कंपनी मागू शकते. फ्लोरिडात २०२२च्या कायद्यानुसार १५ वर्षांहून कमी वयाच्या छपराला केवळ वयाच्या कारणावरून विमा नाकारता येत नाही.

करारात काय पाहावे

फ्लोरिडात छपराच्या ठेकेदाराला राज्याचा परवाना लागतो. टेक्सासमध्ये असा राज्यस्तरीय परवानाच नाही. त्यामुळे ठेकेदाराच्या विम्याचे प्रमाणपत्र त्याच्या विमा कंपनीकडून थेट मागवावे. 'फक्त पाहणीची परवानगी' म्हणून पुढे केलेला कागद प्रत्यक्षात संपूर्ण कामाचा करार असू शकतो. घरी येऊन केलेल्या अशा बहुतेक विक्री-करारांतून तीन कामकाजाच्या दिवसांत माघार घेण्याचा हक्क केंद्रीय नियमाने दिलेला आहे.

छपराचे मोजमाप 'स्क्वेअर'मध्ये होते. एक स्क्वेअर म्हणजे १०० चौरस फूट. जुने शिंगल काढणार की त्यावरच नवे ठोकणार, हे लिहून घ्यावे. दुसरा थर स्वस्त पडतो, पण कुजलेले तक्ते त्याखाली झाकले जातात. आधीच दोन थर असल्यास ते काढणे सामान्यतः नियमानेच बंधनकारक असते. खराब निघालेल्या प्रत्येक तक्त्याचा दर आधी ठरवावा, परवाना कोण काढणार याची नोंद हवी, आणि शेवटचा हप्ता देताना सामान पुरवठादार व उपठेकेदारांचे येणे फिटल्याचे लेखी पत्र घ्यावे. त्यांचे पैसे थकल्यास ते घरावर दावा लावू शकतात. उत्पादकाची हमी मुख्यत्वे मालातील दोषासाठी असते. कारागिरीची हमी ठेकेदाराकडून स्वतंत्रपणे घ्यावी लागते.

कोकणात पावसाळ्याआधी घर शाकारण्याची रीत आहे. येथेही वसंतात आणि पानगळीनंतर पन्हळी साफ करून घ्याव्यात, जमिनीवरूनच दुर्बिणीने छप्पर पाहावे, माळ्यावर बॅटरी घेऊन ओलीचे डाग शोधावेत आणि तारखेसह छायाचित्रे जपून ठेवावीत. वादळानंतर विमा कंपनीशी बोलताना आधीचे छप्पर सुस्थितीत होते, याचा सर्वांत भक्कम पुरावा तीच छायाचित्रे ठरतात.